लष्करी वायुनौका आणि युद्धधर्माचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वायुनौका बॉम्ब टाकू लागल्या, तेव्हा युद्धधर्मातला एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. कोणाला मारावे आणि कोणाला मारू नये याचे नियम बहुतेक धर्मपरंपरांत आहेत. ते पाळायचे तर समोर कोण आहे हे शस्त्र चालवणाऱ्याला दिसले पाहिजे. हजारो फूट उंचीवरून, बहुधा रात्री, वस्तीवर बॉम्ब टाकणाऱ्याला ते दिसत नाही. नियम पाळण्याची शक्यताच जिथे उरत नाही, तिथे नियम रद्द होतो, की ते साधनच निषिद्ध ठरते, की पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर जाते? युरोपात या प्रश्नाचे उत्तर हेगच्या शांतता परिषदांत शोधले गेले. त्याच सुमारास आणि पुढे महाराष्ट्रात गीता, महाभारत, अर्थशास्त्र आणि धर्मशास्त्र यांचे जे नवे अध्ययन झाले, त्यातही या प्रश्नाला थेट लागू पडणारा विचार सापडतो.

साधनाचा इतिहास

माणूस बलूनमधून प्रथम १७८३ मध्ये फ्रान्समध्ये उडाला आणि अकरा वर्षांत बलून रणांगणावर आले. २६ जून १७९४ रोजी फ्लरसच्या लढाईत फ्रेंच सैन्याने दोराने बांधलेल्या बलूनमधून शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवली. अमेरिकेच्या यादवी युद्धात आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातही बलून टेहळणीसाठीच वापरले गेले. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाने व्हेनिसच्या वेढ्यात बॉम्ब लावलेले माणूसविरहित बलून सोडले. त्यांनी फारसे नुकसान केले नाही आणि वारा फिरल्यावर काही बलून सोडणाऱ्यांकडेच परतले. हवेतून मारा करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता आणि मारा कुठे होईल हे वाऱ्यावर अवलंबून होते.

वायुनौकेला इंजिन आणि सुकाणू असल्यामुळे ती हवी त्या दिशेने नेता येऊ लागली. काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांच्या पहिल्या वायुनौकेने २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर उड्डाण केले. तिची लांबी १२८ मीटर होती. १९११ मध्ये इटलीने लिबियात तुर्कांविरुद्ध विमानातून हातबॉम्ब टाकले आणि पुढच्या वर्षी वायुनौकाही वापरल्या. इस्पितळावर बॉम्ब पडल्याची तक्रार तुर्कांनी केली. हवाई हल्ल्याच्या इतिहासात नेम आणि परिणाम यांच्यातील वाद असा पहिल्या वर्षापासून आहे.

पहिल्या महायुद्धात ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील लिएज आणि अँटवर्प या शहरांवर झेपेलिनमधून बॉम्ब पडले. १९ जानेवारी १९१५ च्या रात्री इंग्लंडवर पहिला हल्ला झाला. दोन झेपेलिन हंबर नदीच्या मुखाकडे निघाली होती, पण ती नॉरफोकच्या किनाऱ्यावर पोहोचली आणि ग्रेट यार्मथ व किंग्ज लिन येथे चार नागरिक मेले. ३१ मे १९१५ रोजी लंडनवर पहिला हल्ला झाला. कैसर विल्हेल्म दुसरा याने सुरुवातीला लंडन शहर वगळले होते, पुढेही राजवाडे आणि ऐतिहासिक इमारती टाळण्याची अट घातली होती. रात्रीच्या अंधारात, ढगांवरून आणि वाऱ्याशी झगडत जाणाऱ्या खलाशांना अशी अट पाळणे जमण्यासारखे नव्हते. युद्ध संपेपर्यंत वायुनौकांच्या हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ५५७ माणसे मेली आणि १,३५८ जखमी झाली. त्यांतली बहुसंख्य नागरिक होती.

विमानांची भीती वाढली तशी झेपेलिन अधिकाधिक उंचावर जाऊ लागली. १९१७ पर्यंत ती पाच हजार मीटरच्या वर उडत होती. त्या वर्षीच्या १९ ऑक्टोबरच्या रात्री निघालेल्या अकरा झेपेलिनना उंचावरच्या वादळी वाऱ्याने भरकटवले, त्यांतली काही परतलीच नाहीत. लंडनच्या पिकॅडिलीत पडलेला बॉम्ब अशाच एका भरकटलेल्या वायुनौकेतला होता. खलाशांची सुरक्षितता उंचीबरोबर वाढत होती आणि खालच्या माणसाला ओळखण्याची शक्यता तितकीच घटत होती. स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेली उंचीच परक्या निरपराध माणसाला मारते, तेव्हा ती घेण्याचा अधिकार कितपत आहे हा यातला नैतिक पेच होय.

हेगचा करार आणि त्यातला तर्क

२९ जुलै १८९९ रोजी हेग येथील पहिल्या शांतता परिषदेत बलूनमधून किंवा तत्सम नव्या मार्गांनी स्फोटके टाकण्यावर पाच वर्षांची बंदी घालणारा जाहीरनामा संमत झाला. कायमची बंदी घालावी असा विचार होता. अमेरिकेचे प्रतिनिधी कॅप्टन विल्यम क्रोझियर यांनी मुदत घालण्याचा आग्रह धरला. त्यांचा युक्तिवाद असा होता की आजचे बलून नेमका मारा करू शकत नाही म्हणून ते क्रूर आहे. उद्या नेमका मारा करणारे यंत्र निघाले तर ते युद्ध लवकर संपवून जीव वाचवील.

या युक्तिवादात दोष साधनाच्या नेमकेपणात मोजला आहे. आकाशातून मारणे स्वतः वाईट नाही, आंधळेपणाने मारणे वाईट आहे, असा त्याचा अर्थ होतो. १९०७ च्या दुसऱ्या परिषदेत बंदीचे नूतनीकरण झाले, पण जर्मनी, फ्रान्स, रशिया, इटली आणि जपान या मोठ्या सत्तांनी ती स्वीकारली नाही. तिची मुदत तिसऱ्या परिषदेपर्यंत होती आणि ती परिषद भरलीच नाही. मात्र त्याच १९०७ च्या नियमावलीत, संरक्षण नसलेल्या गावांवर कोणत्याही साधनाने मारा करू नये, असा पालट करण्यात आला. साधनाची बंदी निष्फळ ठरली आणि माणसांतला भेद करण्याचा नियम टिकला.

जमिनीवर उभा असलेला माणूस

भारतीय धर्मशास्त्रात युद्धनियमांची सर्वांत परिचित यादी मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहे. लपवलेली, विषारी किंवा आगीने पेटवलेली शस्त्रे वापरू नयेत, असे ती प्रथम सांगते. मग अवध्य कोण ते येते: जमिनीवर उभा असलेला, हात जोडलेला, केस सुटलेला, बसलेला, शरण आल्याचे सांगणारा, झोपलेला, चिलखत नसलेला, नि:शस्त्र, न लढता पाहत उभा असलेला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला, शस्त्र मोडलेला, दुःखाने व्याकूळ, जबर जखमी, भ्यालेला, पळणारा. या यादीत पहिले नाव जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे आहे. रथात बसलेल्याने त्याला मारू नये, असे टीकाकार कुल्लूक स्पष्ट करतो. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरव-पांडवांत झालेल्या करारातही रथीने रथीशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी लढावे असे ठरते. ढोल वाजवणारे आणि शस्त्रे वाहून नेणारे यांनाही अभय दिले जाते.

रथाची उंची काही हात होती, झेपेलिनची तीन हजार मीटर. प्रमाण बदलले तरी नियमाचे तत्त्व लागू पडते. ज्याला प्रतिकार करता येत नाही अशा जागेवरून त्याला मारणे म्हणजे युद्ध नव्हे, असे हे तत्त्व आहे. शिवाय यादीतली प्रत्येक अवस्था डोळ्यांनी किंवा कानांनी ओळखायची आहे. केस सुटलेत, हात जोडलेत, तो झोपला आहे, हे जवळून पाहणाऱ्यालाच कळते. शरण आल्याचे शब्द ऐकू येण्याइतके अंतरही लागते. म्हणजे या नियमांनी युद्धाचे अंतर गृहीत धरले आहे आणि आकाशातल्या युद्धाने नेमके ते अंतर मोडले.

हे नियम युद्धाच्या सगळ्या व्यवहाराला पुरत नव्हते, हेही खरे. त्याच अध्यायात मनू वेढा घालणाऱ्या राजाला शत्रूचा प्रदेश पीडित करावा, त्याचा चारा, अन्न, पाणी आणि सरपण नासवावे, असेही सांगतो. वेढ्यात निरपराध भरडले जातात हे शास्त्रकारांना माहीत होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात राजधर्माचा विचार करताना अशा परस्परविरोधी वचनांचा ऊहापोह आहे. रणांगणावरच्या द्वंद्वाला एक नीती आणि वेढ्याला दुसरी, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. हवाई हल्ल्याने रणांगण आणि वेढा यांतली सीमाच पुसली. अख्खे शहर वेढ्यात सापडले, पण शरण जाण्यासाठी वेशीवर कोणी नव्हते.

सौभ, इंद्रजित आणि घुबड

आकाशातून शहरावर होणाऱ्या हल्ल्याची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे पर्व विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादित केले आणि ते १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिशुपालाच्या वधाचा सूड घेण्यासाठी राजा शाल्व आपल्या सौभ नावाच्या आकाशगामी नगरातून द्वारकेवर चालून जातो. त्या वेळी कृष्ण इंद्रप्रस्थाला असतो. द्वारकेत मद्यपानाला बंदी होते आणि मुद्रेशिवाय कोणाला आत-बाहेर जाता येत नाही. नंतर कृष्ण शाल्वाला गाठतो तेव्हा सौभ समुद्रावर इतके उंच असते की त्याच्या सैन्याचे बाण तिथे पोहोचत नाहीत. शेवटी तो सुदर्शनाने सौभ चिरतो. ही हकीकत कृष्ण युधिष्ठिराला सांगतो, कारण द्यूताच्या वेळी आपण हस्तिनापुरात का नव्हतो हे त्याला सांगायचे असते. भागवतात याच प्रसंगी शहरावर शस्त्रे, शिळा, झाडे आणि साप यांचा वर्षाव होतो आणि बागा व घरे मोडतात.

आकाशयान म्हणून यान या परंपरेत वाईट नाही. पुष्पक विमान रावणाकडे होते आणि त्याच विमानातून राम अयोध्येला परतला. सौभावर दोष येतो तो कृष्ण नसताना त्याच्या नगरावर चालून जाण्याचा.

वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातला एक प्रसंग याहून महत्त्वाचा आहे. इंद्रजित अदृश्य होऊन आकाशातून बाण सोडतो. चिडलेला लक्ष्मण ब्रह्मास्त्राने सगळ्या राक्षसांचा नाश करण्याची परवानगी मागतो. राम त्याला अडवतो. एकासाठी सगळ्यांना मारता येणार नाही आणि जो लढत नाही, लपला आहे, हात जोडतो, शरण येतो, पळतो किंवा शुद्धीवर नाही, त्याला मारू नये, असे तो बजावतो. आकाशातून झालेल्या हल्ल्याला काय उत्तर द्यावे, या प्रश्नाचे हे थेट विवेचन आहे. १९१६ आणि १९१७ मध्ये युरोपात हाच वाद पेटला. २२ जून १९१६ रोजी फ्रेंच विमानांनी जर्मनीतील कार्लस्रूहे शहरावर बदला म्हणून टाकलेले बॉम्ब सर्कशीच्या तंबूजवळ पडले. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. ब्रिटनमध्येही बदल्याची मागणी झाली. कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी अशा बदल्याच्या हल्ल्यांना विरोध केला. शत्रूचे पाप आपल्याला परवाना देत नाही, हे रामाचे आणि डेव्हिडसन यांचे समान प्रतिपादन आहे.

रात्रीच्या हल्ल्याचे उदाहरण सौप्तिकपर्वात येते. वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांवर घुबडाने अंधारात झडप घातलेली अश्वत्थामा पाहतो आणि पांडवांच्या झोपलेल्या शिबिराची कत्तल करण्याचे त्याला तिथे सुचते. कृपाचार्य झोपलेल्यांना मारण्याचा दोष समजावतात, अश्वत्थामा जुमानत नाही. शत्रूने आधी नियम मोडले, हे त्याचे समर्थन असते. महाभारत ते समर्थन नोंदवते, स्वीकारत नाही.

विसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात या कथांकडे बऱ्याचदा यंत्रविद्येचा पुरावा म्हणून पाहिले गेले. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी दयानंद सरस्वतींच्या वेदभाष्याच्या प्रेरणेने विमानाचा शोध घेतला आणि १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर यंत्र उडवले, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्या उड्डाणाला खात्रीलायक समकालीन पुरावा नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या वादात प्राचीन ग्रंथांचा खरा ठेवा मागे पडला. विमान कसे बांधावे हे त्यांत सापडत नाही. उंचावरून मारण्याचा मोह झाला तर काय करू नये, हे मात्र स्वच्छ सापडते.

न मोजता मारणारा अग्नी

कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूर येथे छापून प्रसिद्ध केले. पुढे प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तेराव्या अधिकरणात दुर्ग घेण्याच्या युक्त्यांत ससाणे, कावळे, कबुतरे अशा पक्ष्यांच्या शेपटीला ज्वालाग्राही द्रव्य बांधून किल्ल्यात आग लावण्याची युक्ती आहे. हवेतून आग टाकण्याची ही सर्वांत जवळची प्राचीन कल्पना म्हणता येईल. तिथेच कौटिल्य सावधही करतो. पराक्रमाने दुर्ग घेता येत असेल तर आग लावू नये, कारण अग्नीचा भरवसा देता येत नाही, तो दैवी संकटासारखा आहे आणि माणसे, धान्य, जनावरे, धन यांचा न मोजता नाश करतो.

कौटिल्य कठोर राजकारणी आहे. त्याच्याकडून आलेला हा विचार दयेपेक्षा हिशेबातून आलेला आहे. जिंकायचे ते राज्य उजाड झाले तर जिंकून काय मिळवले? तरीही त्याने अग्नीचा जो दोष सांगितला तोच हेगच्या परिषदेत बलूनविरुद्ध सांगितला गेला: त्याचा परिणाम वापरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

हेतू आणि परिणाम

इस्लामी न्यायशास्त्रात हा प्रश्न मंजनीक, म्हणजे दगडफेकीचे यंत्र, या संदर्भात चर्चिला गेला. पहिले खलिफा अबू बकर यांनी सैन्याला स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, मठातल्या साधूंना सोडावे, अशा सूचना दिल्याचे ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात नोंदवले आहे. मंजनीकचा दगड तटापलीकडे कोणावर पडेल हे मात्र दिसत नाही. आठव्या शतकातील हनफी पंडित मुहम्मद अश-शैबानी आणि त्यांच्या परंपरेने अशा माऱ्याला परवानगी दिली, पण नेम लढणाऱ्यांवरच असावा, ही अट घातली. ख्रिस्ती परंपरेत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनातून पुढे दुहेरी परिणामाचा सिद्धांत घडला. चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याचा वाईट परिणाम अपेक्षित असला तरी तो इच्छिलेला नसावा आणि मिळणाऱ्या हितापेक्षा मोठा नसावा.

दोन्ही परंपरा हेतूवर भिस्त ठेवतात. वायुनौकेने या भिस्तीची कसोटी घेतली. गोदीवर नेम धरल्याचे सांगणाऱ्याला आपण गोदीवर आहोत की वस्तीवर हेच माहीत नसेल, तर त्याचा हेतू शुद्ध असून काय उपयोग? अज्ञान टाळता येण्यासारखे असताना टाळले नाही, तर हेतूची शुद्धता पळवाट ठरते.

गीता: पाहण्यापासून सुरुवात

मुंबई इलाख्यात ‘केसरी’ने बॉम्ब या साधनाची राजकीय चर्चा केली ती १९०८ मध्ये. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे किंग्जफोर्ड या न्यायाधीशाच्या समजुतीने दुसऱ्याच गाडीवर बॉम्ब टाकला गेला आणि केनेडी कुटुंबातील मायलेकी मेल्या. अंधारातल्या चुकीच्या ओळखीची ही घटना होती. सरकारी दडपशाहीने असे प्रकार घडतात, असे मांडणाऱ्या ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि ते १९१५ मध्ये, म्हणजे झेपेलिन लंडनवर येऊ लागली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले.

‘गीतारहस्या’त टिळक अहिंसेला अपवाद मान्य करतात. आततायी, म्हणजे आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून आलेला, याला मारण्यात दोष नाही, या स्मृतिवचनाचा ते आधार घेतात. कर्माची योग्यता कर्त्याच्या समबुद्धीवर ठरते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. गीतेच्या अठराव्या अध्यायात अहंकार नसलेल्या, बुद्धी लिप्त न झालेल्या माणसाला मारूनही हत्येचे बंधन लागत नाही, असे म्हटले आहे. वायुनौकेतल्या सैनिकाला हा विचार फार सोयीचा वाटू शकतो. त्याच्या मनात द्वेष नसतो, तो आज्ञा पाळतो आणि खाली काय झाले ते त्याला दिसतही नाही.

इथे अलिप्तता आणि अनभिज्ञता यांची गल्लत होते. त्याच अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण दिले आहे: पुढचे परिणाम, नुकसान, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने केलेले कर्म. निर्लेप बुद्धी हिंसा पुरती पाहते आणि तरीही स्वार्थाने डागाळत नाही. जो पाहतच नाही त्याची शांतता त्या कोटीची नाही. आततायीच्या नियमालाही ओळख लागते. शस्त्र उगारून कोण आला आहे हे दिसल्याशिवाय तो नियम वापरता येत नाही.

गीतेचा आरंभच पाहण्याने होतो. कोणाशी लढायचे आहे ते मला पाहू दे, म्हणून अर्जुन रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगतो. पाहिल्यावर तो खचतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबा भावे यांनी अर्जुनाच्या या विषादाला करुणा न म्हणता स्वजनांचा मोह म्हटले. परक्यांना फाशी देताना न कचरणारा न्यायाधीश पोटच्या मुलाची वेळ आली की तत्त्वज्ञान सांगू लागतो, तसे हे आहे. हे मान्य केले तरी मोहातून का होईना, प्रश्न उभा राहिला तो चेहरे दिसल्यामुळे. तीन हजार मीटरवर मोह नाही आणि करुणाही नाही. तिथे अर्जुनाचा विषाद होऊ शकत नाही आणि म्हणून गीतेच्या उपदेशाचा प्रसंगही येत नाही.

वाटले गेलेले कर्म

टेहळणीच्या बलूनने कर्माचे तुकडे केले. पहिल्या महायुद्धात दोराने बांधलेल्या बलूनमधला निरीक्षक दुर्बिणीतून पाहून दूरध्वनीवर अंतर सांगत असे आणि कित्येक मैल मागे असलेला तोफखाना मारा करत असे. पाहणारा मारत नाही, मारणारा पाहत नाही. संजयालाही दुरून युद्ध दिसत होते, पण त्याचे सांगणे ऐकणारा धृतराष्ट्र तोफा डागत नव्हता.

अशा कर्माचे माप पातंजल योगसूत्रे आणि जैन आचारधर्म देतात. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली, अशी तीन प्रकारची मानली आहे आणि तिन्ही प्रकारांत दोष आहे. म्हणून काम वाटून घेतल्याने पाप वाटून हलके होत नाही. आज्ञा देणारा, नकाशा वाचणारा, कळ दाबणारा, सगळेच त्यात येतात. अनुमोदनाचा प्रकार तर बघ्यांनाही लागू होतो. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे कूर्गमध्ये जन्मलेल्या विल्यम लीफ रॉबिन्सन या वैमानिकाने लंडनजवळ एसएल ११ ही वायुनौका पेटवून पाडली. आतले सगळे खलाशी जळून मेले आणि रस्त्यांवर लोकांनी जल्लोष केला. याच्या उलट उदाहरणही आहे. जून १९१७ मध्ये इंग्लंडच्या थेबर्टन गावी पाडलेल्या एल ४८ च्या मृत खलाशांना गावाच्या दफनभूमीत पुरले गेले आणि स्मारकावर बायबलमधले वचन कोरले गेले. दुसऱ्याच्या सेवकाचा न्याय करणारे आपण कोण, तो त्याच्या धन्याला उत्तरदायी आहे, असा त्याचा आशय आहे.

जैन दृष्टीने हिंसा उड्डाणाच्या आधीच सुरू होत होती. झेपेलिनच्या आतल्या वायूच्या पिशव्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पडद्याने मढवत. सोन्याचांदीचा वरख कुटायला परंपरेने वापरला जाणारा पडदा तोच. एका मोठ्या झेपेलिनला सुमारे अडीच लाख जनावरांची आतडी लागत, असा अंदाज दिला जातो. वरखाच्या मिठाईबद्दल अहिंसावादी घरांत जो आक्षेप घेतला जातो, त्याचेच हे मोठे रूप आहे.

घर आणि कारखाना

हवाई युद्धाच्या समर्थकांनी पुढे असा युक्तिवाद केला की आधुनिक युद्धात सगळे राष्ट्रच लढते, त्यामुळे कामगारही लढवय्याच आहे. भिवंडीतील निजामपुऱ्यासारखी वस्ती डोळ्यांसमोर ठेवली तर या युक्तिवादातली अडचण कळते. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. इथे माग आणि घरे एकमेकांना लागून असतात. कापड गणवेशाला, तंबूला आणि बलूनच्या आवरणालाही लागते. म्हणून विणकर युद्धात सामील आहे असे म्हटले, तर मागावर बसलेला माणूस, त्याच भिंतीपलीकडे झोपलेले मूल आणि शेजारच्या मशिदीत नमाज पढणारा वृद्ध, हे सगळे एकाच लक्ष्यात येतात. भीष्मपर्वातला करार ढोल वाजवणाऱ्याला आणि शस्त्रे वाहणाऱ्यालाही वगळतो. ते तर प्रत्यक्ष रणांगणावर असत. युद्धाला उपयोगी पडणे आणि युद्ध करणे यांत जुन्या नियमाने भेद केला होता. वरून पाहताना हा भेद दिसत नाही, म्हणून तो नाहीच, असे ठरवणे हा तर्कदोष आहे.

निषेध आणि पर्याय

महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९०९ मध्ये जहाजावर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’ मध्ये वायुनौकेतून काही तासांत जगात कुठेही जाण्याच्या स्वप्नाचा आणि टेकडीवरच्या तोफेआडून एकट्या माणसाने हजारोंचे प्राण घेण्याचा उल्लेख सुधारणेच्या एकाच टीकेत केला आहे. त्यांचा आक्षेप नेमकेपणाच्या अभावावर नव्हता, बळाचा संबंध शरीरापासून आणि म्हणून धैर्यापासून तुटण्यावर होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी त्यांना अणुबॉम्बबद्दल विचारले. आपण उघड्यावर येऊन उभे राहू, वैमानिकाविषयी आपल्या मनात द्वेष नाही हे त्याला दिसू दे, असे ते म्हणाले. इतक्या उंचीवरून त्याला चेहरे दिसणार नाहीत हेही त्यांनी मान्य केले आणि अंतःकरणाची हाक पोहोचेल अशी श्रद्धा व्यक्त केली. सत्याग्रह समोरच्याच्या विवेकाला आवाहन करतो. ते आवाहन पोहोचण्याची वाट हवाई युद्धाने बंद केली, ही अडचण गांधींनी टाळली नाही. तिच्यावर त्यांचे उत्तर श्रद्धेचे आहे, युक्तीचे नाही.

नंतरच्या कायद्याने दुसरा मार्ग घेतला. १९२२–२३ मध्ये हेग येथे हवाई युद्धाच्या नियमांचा मसुदा झाला, तो कधी लागू झाला नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने लक्ष्य लष्करी असल्याची शक्य तितकी खातरजमा करण्याचे कर्तव्य हल्ला करणाऱ्यावर टाकले. संकटातल्या विमानातून हवाई छत्रीने उतरणाऱ्यावर हल्ला करण्यास मनाई केली. शस्त्र मोडलेल्याला आणि शरण आलेल्याला अभय देण्याचे मनूचे तत्त्व त्यात ओळखू येते. भारताने १९४९ चे जिनिव्हा करार स्वीकारले आहेत, या अतिरिक्त प्रोटोकॉलला मात्र मान्यता दिलेली नाही.

आरंभीच्या तीन पर्यायांपैकी पहिला, नियम रद्द होतो हा, कोणत्याच परंपरेत टिकत नाही. साधनच निषिद्ध ठरवण्याचा दुसरा पर्याय १८९९ मध्ये घेतला गेला आणि राज्यांनी तो सोडून दिला. तिसरा पर्याय राहतो: डोळ्यांनी पाहता येत नसेल तर आधी चौकशी करून पाहावे, आणि तेही जमत नसेल तर मारू नये. आजच्या चालकविरहित विमानांवरच्या कॅमेऱ्याने पाहण्याची अडचण पुष्कळ कमी केली आहे. शरणागतीची अडचण त्याने सुटत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात फैलाका बेटावर इराकी सैनिकांनी डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या चालकविरहित विमानाला शरणागतीची खूण केली. विमान त्यांना ताब्यात घेऊ शकत नव्हते. त्यासाठी माणसांनाच जावे लागणार होते. जोडलेले हात दिसणे ही युद्धधर्माची अर्धी अट आहे. ते पाहून थांबण्याचा अधिकार आणि इच्छा असलेला माणूस दुसऱ्या टोकाला असणे ही उरलेली अर्धी अट आहे आणि ती कोणत्याही उंचीवरून, कोणत्याही यंत्राने, आपोआप पुरी होत नाही.